ओटीतला रुपया

सुशांत हळदणकरला कुठलीही गोष्ट एका जागी बसून करता येत नसे. चहा प्यायचा तर गॅलरीत फेऱ्या मारत, फोनवर बोलायचं तर घरभर फिरत, आणि जेवताना त्याचा डावा पाय टेबलाखाली असा हलायचा की समोरच्याच्या वाटीतली आमटी हिंदकळायची. असा माणूस एखाद्या नाण्याचं वर्णन लिहायला बसला, तर घरातल्यांचे काय हाल होत असतील, विचारूच नका. डोंबिवली पश्चिमेच्या त्या फ्लॅटमध्ये त्याने नुसता उच्छाद मांडला होता. बायको सोनल तर म्हणाली, "अहो, नाणं विकताय की मुलगी देताय?"

नाणं म्हणजे बाबांचा रुपया. चांदीचा, जॉर्ज राजाच्या मुंडक्याचा, सन एकोणीसशे एकोणचाळीस. नाणी जमवणाऱ्यांमध्ये त्या एका सालाच्या रुपयाला भारी मान, कारण तो सहसा मिळतच नाही. अडतीसचे मिळतात, चाळीसचे तर हवे तेवढे मिळतात, मधलाच गायब. आणि हा गायब रुपया होता कोणाकडे, तर आनंद हळदणकरांकडे! वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये जन्मभर साचे कोरणारा साधा कामगार माणूस. बाबांनी तो पाहुण्यांना दाखवला, शेजाऱ्यांना दाखवला, गणपतीला येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला, एकदा तर विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला आत बोलावून दाखवला. दोन बोटांत कडेने धरायचा, उजेडात फिरवायचा आणि परत कापसात ठेवायचा. "आपल्याकडे एकोणचाळीस आहे," एवढंच म्हणायचे, पण असं म्हणायचे की ऐकणारा गप्प व्हायचा.

विकायचं नाव मात्र नाही. सुशांत शाळेत असताना बाबांच्या कारखान्याला टाळं लागलं. पगार बंद, किराणावाला बोलेनासा झाला. तेव्हा आईच्या हातातल्या पाटल्या गेल्या. धाकटे देवरामकाका घरात सगळ्यांसमोर म्हणाले होते, "दादा, बायकोच्या पाटल्या कशाला मोडतोस? तो रुपया काढ ना बाहेर! का नुसतीच बंडलं मारतोस आमच्यासमोर?" बाबा खाली मान घालून म्हणाले, "तो विकायचा नाही." बस. पुढे कारखाना उघडला, दिवस पालटले, पण पाटल्या काही परत आल्या नाहीत. आईच्या हातात काचेच्या बांगड्याच राहिल्या आणि बाबा गेल्यावर त्याही उतरल्या. सुशांतला बाबांवर माया होती, नाही असं नाही. पण आईचं मोकळं मनगट दिसलं की त्याच्या डोक्यात तिडीक जायची. एक रुपया छातीशी धरून बसलेला माणूस! आता बाबांना जाऊन बरेच दिवस झाले होते, आणि सुशांतने ठरवलं होतं, तो रुपया विकायचा आणि आईच्या हातात पाटल्या घालायच्या. बाबांकडून राहिलं ते बाबांच्याच रुपयाने करायचं. शिवाय देवरामकाकांच्या तोंडावर ते बिल मारायचं, हेही मनात होतंच.

ठाण्याला नौपाड्यात मितेश नावाचा नाण्यांचा व्यापारी होता. त्याने व्हॉट्सॲपवर आवाजात निरोप पाठवला. सुशांतने तो स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मोठ्याने लावला, कारण हळू काही करणं त्याच्या रक्तातच नव्हतं. आई आत मेथी निवडत होती.

"सुशांतभाई, फोटो मस्त आहे, पण मला पूरा डिस्क्रिप्शन लागेल. वजन, साइज, कडेला रेघा कशा आहेत, टांकसाळीचा ठिपका आहे का, कधी घासलंय का, घरात कुठून आलं. आणि सालाचा शेवटचा आकडा एकदम जवळून. अडतीसच्या आठचा नऊ करून आणणारे रोज येतात, काय सांगू तुम्हाला."

आईच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. सुशांतचं लक्ष नव्हतं.

वजन त्याने ओळखीच्या सराफाकडे जाऊन करून आणलं. झिजेपुरता कणभर फरक सोडला तर बरोबर भरलं. रुंदी बरोबर. कडेच्या उभ्या रेघा सारख्या, कुठे कानस लागलेली नाही. फुलाखालचा टांकसाळीचा ठिपका जागेवर. 'कधी घासलंय का' याचं उत्तर जरा अवघड होतं, कारण दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या आधी आई तो चिंच लावून लख्ख घासायची. त्याने लिहिलं, 'पूजेतील नाणे, वर्षातून एकदा स्वच्छ केलेले.' मग खोडलं, मग परत लिहिलं. सगळं जमलं, फक्त शेवटच्या आकड्याचा फोटो काही येईना. कधी हात हलायचा, कधी सावली पडायची. सोनल म्हणाली, आणा मी काढते, तर तिलाही देईना.

खरं सांगायचं तर त्याला बघायचंच नव्हतं. फोन जवळ नेला की तो डोळे दुसरीकडे वळवायचा. वजन बरोबर आलं म्हणून काय झालं? अडतीसचंही वजन तेवढंच असतं, हे त्याने वाचलं होतं. काकांचं ते 'बंडलं मारतोस' इतक्या वर्षांनी कानात वाजायचं, आणि तो फोन खिशात टाकून गॅलरीत फेऱ्या मारायला लागायचा. शेवटी त्याने मितेशला कळवलं की रविवारी दुपारी मीच नाणं घेऊन येतो, तुम्हीच बघा.

शनिवारी बहीण आली होती, नीरजा. राहायला माजिवड्याला. दिवसभर राहिली, जेवली, आणि निघताना सोनल तिची ओटी भरायला ताट घेऊन आली. तांदूळ, नारळ, खण, सुपारी, हळकुंड. वरती ठेवायला दहाचं नाणं सोनलने पर्समधून काढलंही होतं. तेवढ्यात आई उठली.

"आज मी भरते," ती म्हणाली.

बाबा गेल्यापासून आईने कोणाची ओटी भरली नव्हती. जुन्या वळणाची बाई, आपण विधवा, आपण हात लावायचा नाही, असं स्वतःच ठरवून मागे सरली होती. मुलांनी किती समजावलं तरी ऐकत नव्हती. आणि आज आपणहून उठली! सोनलच्या डोळ्यांत पाणी आलं. नीरजाने पदर पसरला. सुशांतला इतकं बरं वाटलं की तो क्षणभर एका जागी उभा राहिला. आईच्या ओंजळीत तांदळाखाली काय आहे, हे बघायला जाईल कोण?

रविवारी सकाळी सुशांतने देवघरातली डबी उघडली. कापूस होता. रुपया नव्हता.

मग जे काही झालं ते शेजाऱ्यांनीही ऐकलं. गाद्या उलट्या झाल्या, देवघरातले देव खाली आले, सोनलच्या पर्समधला कचरा जमिनीवर आला. सुशांत या खोलीतून त्या खोलीत नुसता धावत होता, एकदा शोधलेलं परत शोधत होता. आई खुर्चीवर बसून शांतपणे वाती वळत होती.

"नीरूच्या ओटीत गेला तो," ती म्हणाली.

"काय?"

"काल ओटीत नाणं लागतं ना. हाताला आलं ते घातलं."

"हाताला आलं? आई, अगं सोनलच्या हातात दहाचं नाणं होतं! तू उठून देवघरातनं, डबीतनं, कापसातनं..."

"म्हातारपणी होतं असं," आई म्हणाली. वात वळायची थांबली नाही.

आणि इथे एक गंमत सांगतो. सुशांतने कपाळावर हात मारला, आरडाओरडा केला, सगळं केलं. पण आत कुठेतरी त्याला सुटल्यासारखं वाटलं. गेलं नाणं. आता कोणी भिंग लावणार नाही, कोणी काही सांगणार नाही, आणि बाबा होते तसे राहतील. हे वाटणं जेमतेम चपला पायात सरकवेपर्यंत टिकलं. मग त्याला आईचं मनगट दिसलं आणि त्याने स्कूटरची चावी उचलली.

"ओटीतलं परत मागू नये रे," आई मागून म्हणाली. "ओटीत गेलेलं विकूही नये. एवढं तरी ऐक."

ऐकतोय कोण! तो माणकोलीच्या पुलावर होता तेव्हासुद्धा मनातल्या मनात नीरजाशी भांडत होता.

नीरजाने दार उघडलं आणि त्याचा चेहरा बघूनच कमरेवर हात ठेवले. "आलास? मला वाटलंच."

"नीरू, कालचा तो रुपया..."

"दादा, ओटीतलं मागायला आलास? बहिणीच्या ओटीतलं? अरे, लाजबीज काही?"

"चुकून आलंय ते."

"चुकून कसलं? आईचा सकाळीच फोन आलेला. म्हणाली, रुपया तांदळाच्या डब्यात तळाला घाल, वर तांदूळ ओत, आणि दादा कितीही नाचला तरी देऊ नकोस."

सुशांत सोफ्यावर बसला आणि लगेच उठला. म्हणजे आईला द्यायचाच नव्हता तो! का? त्याने डोकं खाजवलं आणि त्याला एकच कारण सुचलं. बाबांची आठवण. दुसरं काय असणार? इतकी वर्षं काचेच्या बांगड्यांवर काढलेली बाई, आणि तिला त्या माणसाच्या रुपयाचं इतकं कौतुक. त्याला आईची कीव आली आणि बाबांचा आणखी राग आला.

"नीरू, मला काही गाडी घ्यायची नाहीये त्या पैशातनं," तो म्हणाला. "आईला पाटल्या करायच्यात. तुला आठवतात तिच्या पाटल्या? तू त्या फिरवत झोपायचीस."

नीरजा स्वयंपाकघरात गेली, डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि रुपया काढून आणला. त्याला तांदळाचं पीठ लागलं होतं. सुशांतने हात पुढे केला, तशी तिने मूठ मिटली.

"थांब. ओटी मोकळी ठेवायची नाही. ह्याच्या जागी काहीतरी घाल."

त्याने खिसे चाचपले, दहाचं नाणं निघालं. ते तिने त्याच्याच हाताने डब्यात तळाशी घालायला लावलं आणि म्हणाली, "आईला काय सांगायचं ते तू सांग. मी यात नाही."

मितेशचं दुकान जिना चढून वर होतं. दुकान कसलं, एक खोली, भिंतीला काचेची कपाटं, टेबलावर लॅपटॉप आणि त्याला जोडलेलं वाटीएवढं भिंग. रविवार असून गिऱ्हाईक नव्हतं. मितेशने चहा मागवला, रुपया हातात घेतला, वजन केलं, कड बघितली, मान डोलावली. "वा. एक नंबर." मग भिंगाखाली ठेवला. लॅपटॉपवर शेवटचा आकडा ताटाएवढा झाला, आणि मितेशचा चहाचा हात अर्ध्यावर थांबला.

"सुशांतभाई, हे कोणी केलंय?"

"काय?"

"हा आठ होता. बघा इथे. खालच्या वाटोळ्याची डावी बाजू कोरून काढलीय, नऊ केलाय. पण काय हात आहे! लोक कानस मारतात, ओरखडे दिसतात, बाजूला खड्डा पडतो. ह्याने जेवढं नको तेवढंच उचललंय आणि मागची जमीन परत सारखी केलीय. अडतीसचाच रुपया आहे, पण इतकं साफ काम मी पाहिलं नाही. कोणीतरी कारीगर आहे हां."

सुशांतला कारागीर कोण ते विचारायची गरज नव्हती. घरी पलंगाखाली एक पत्र्याचा डबा होता. त्यात तेलकट फडक्यात गुंडाळलेल्या बाबांच्या कोरण्या होत्या, एकीपेक्षा एक बारीक. लहानपणी हात लावला की मार बसायचा.

त्याची कानशिलं तापली. म्हणजे काका खरं बोलले होते. मीटरवाल्यापर्यंत सगळ्यांना दाखवत होते बाबा, ते हे! आई पाटल्या काढून देत होती, आणि हा माणूस मान खाली घालून 'विकायचा नाही' म्हणत होता, कशाच्या जोरावर? थापेच्या! सुशांतला वाटलं, उठावं आणि ते भिंग आपटावं. तो उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला.

मितेश त्याच्याकडे बघत होता. मग त्याने खुर्ची जरा जवळ ओढली. "मन छोटं करू नका. एक पार्टी आहे माझ्याकडे. शोकेसमध्ये ठेवायला घेतात, भिंगबिंग लावत नाहीत. तुम्ही पाकिटावर तुमच्या हाताने लिहा, सन एकोणचाळीस, वडिलांकडून आलेलं, घरातलं. खाली सही. मी आपला मधला माणूस. तुम्ही सांगितलं, मी विकलं."

"म्हणजे खोटं."

"तुमच्या वडिलांनी तुम्हाला काय सांगितलेलं? एकोणचाळीस. तेच लिहायचं. खोटं कुठे आहे?"

सुशांत त्या कोऱ्या पाकिटाकडे बघत राहिला. इतक्या दिवसांत त्याने ते वर्णन किती वेळा लिहिलं होतं, प्रत्येक शब्द पाठ होता. आणि राग असा चढला होता की राग आणि अक्कल यातला फरक कळेना. बाबांनी जन्मभर थाप मारली ना? मग त्या थापेने एकदा तरी आईच्या कामी यावं. चांगलं खणखणीत यावं. त्याने पेन उचललं आणि लिहिलं: 'एक रुपया, चांदी, सन १९३९. वडिलोपार्जित. पूजेतील.' खाली सही ठोकली. सही करताना पाय हलत नव्हता, हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

घरी येताना त्याने पेढे घेतले. मनाशी पक्कं केलं होतं, आईला यातलं काही कळू द्यायचं नाही. तिच्यासाठी बाबा एकोणचाळीसवाले, ते तसेच राहू देत. सोनल मुलाला घेऊन खाली गेली होती. आई देवापाशी दिवा लावून नुकतीच उठली होती. त्याने पेढ्यांचा बॉक्स तिच्यापुढे धरला.

"आणलास नीरूकडून," ती म्हणाली.

"आणला. आणि ठेवला सुद्धा मितेशकडे. त्याच्याकडे गिऱ्हाईक तयार आहे. आता तू फक्त पाटल्या पसंत करायच्या."

आईने पेढा घेतला नाही. "काय म्हणून विकलास?"

"काय म्हणून म्हणजे?"

"अडतीस म्हणून की एकोणचाळीस म्हणून?"

सुशांतच्या हातातला बॉक्स कलंडला. एक पेढा घरंगळत दिव्यापर्यंत गेला. त्याने तो उचलला, पुसला, परत ठेवला, आणि मग त्याला काय करावं कळेना.

"तुला माहीत होतं?"

"लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीला कळलं." आई खुर्चीत बसली. "मी घासते ना तो. चिंच लावून अंगठ्याने घासायचं. राजाचं नाक झिजलं, मुकुट झिजला, बाकीचे आकडे पेढ्यासारखे मऊ झाले. पण तो शेवटचा, तिथे एक बारीकशी कोर राहिलीय. नख अडकतं. पहिल्यांदा अडकलं तेव्हा मी खिडकीत नेऊन बघितला. पलंगाखाली डबा होताच."

"आणि बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? का केलं, कोणाला दाखवायला केलं, मला आजही माहीत नाही. तरुण माणूस, हाताला कसब, कोणीतरी पैज मारली असेल. एकदा चारचौघांत बोलून बसले असतील, मग मागे घेता येईना. माझे वडील मुलगा बघायला गेले, तर त्यांनाही तोच रुपया दाखवलेला." आई जराशी हसली. "वडील घरी येऊन म्हणाले, मुलाकडे एकोणचाळीसचा रुपया आहे. जसा काय वाडाच आहे."

"आणि पाटल्या?" सुशांतचा आवाज चढला. "आई, त्यांनी तुझ्या पाटल्या जाऊ दिल्या! खोट्या रुपयासाठी!"

"त्यांनी नाही जाऊ दिल्या. मी काढल्या. देवराम भावजी रोज येऊन टोचत होते, रुपया विक, रुपया विक. मला भीती वाटली, एक दिवस हे रागाच्या भरात उठतील आणि नेतील बाजारात. नेला असता तर काय झालं असतं? एक तर पकडले गेले असते, नाहीतर तो खपला असता. मला दोन्ही नको होतं. म्हणून मीच आधी पाटल्या काढून त्यांच्यापुढे ठेवल्या."

सुशांत उभाच होता.

"अख्ख्या डोंबिवलीला दाखवला त्यांनी तो," आई म्हणाली. "बढाई मारली, मान्य आहे. पण पोरं घरात उपाशी राहायची वेळ आली तरी विकायला बाहेर काढला नाही. त्यांचं इतकं साफ काम होतं, कोणालाही खपवला असता. लोक हट्टी म्हणाले, बायकोच्या जिवावर उठलेला म्हणाले. तूही म्हणत होतास, तोंडाने नाही, पण मला दिसत होतं. सगळं ऐकून घेतलं आणि तो कापसात ठेवला." ती थांबली. "काल म्हणून ओटीत घातला. म्हटलं, ओटीतलं कोणी विकत नाही, नीरूकडे पडून राहील. तू तिथूनही काढलास."

सुशांतला ती सही आठवली, आपल्याच अक्षरातली, ठसठशीत. बाबांनी आयुष्यात जे केलं नाही ते त्याने एका दुपारी करून टाकलं होतं, वर पेढे आणले होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

त्याने मितेशला फोन लावला. स्पीकरवरच लागला, सवयीने. मितेश म्हणाला, पार्टीला फोटो पाठवलाय, उद्या सकाळी येणार, तुम्ही बिनधास्त राहा.

"मितेशभाई, वर्णन चुकलंय," सुशांत म्हणाला. "फोटो मागे घ्या. मी येतोय."

"अरे, आता काय झालं?"

आईने हात पुढे करून फोन घेतला.

"मी ह्याची आई. लिहून घ्या. सन अडतीस. आठचा नऊ केलेला आहे, तो आनंद हळदणकरांनी स्वतःच्या हाताने केलाय. विकायचा नाही. झालं लिहून?"

मितेश म्हणाला, "लिहिलं, काकी. पाठवा त्यांना. दुकान उघडं ठेवतो."

सुशांतने चावी घेतली. दारापर्यंत गेला आणि परत वळला, आईच्या पायाशी वाकला. तिने त्याच्या पाठीवर चापट मारली. "नाटकं नकोत. आणि इकडे नको आणूस तो. आहे तिथे, नीरूच्या डब्यात नेऊन ठेव. तुझे दहा रुपये आठवणीने परत घे."

मितेशने पाकीट त्याच्या देखत फाडलं आणि रुपया हातावर ठेवला, पैशांचं नाव काढलं नाही. सुशांतने तो शर्टाच्या खिशात टाकला आणि माजिवड्याकडे निघाला. उड्डाणपुलाखाली नेहमीसारखा सिग्नल लागला, नेहमीसारखी गर्दी, बाजूचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. एरवी सुशांतनेही वाजवला असता. त्याने खिशात हात घातला आणि न बघता सालावरून अंगठा फिरवला. एक, मऊ. नऊ, मऊ. तीन, मऊ. मग नख अडकलं.

त्याने अंगठा तिथेच ठेवला. सिग्नल सुटला, मागून लोक ओरडायला लागले, तरी तो एका जागी उभा होता.